अझरबैजानचं जेवण आणि चहा: बसायचं कसं, मागवायचं काय, कुठे काय खायचं

अझरबैजानला जाऊन आलेली बरीच मंडळी सांगतात, "कबाब चांगले होते, चहा कोरा होता, बाकी काही लक्षात नाही." यात स्वयंपाक्याचा दोष नाही. चार-पाच दिवसांत बाकू, गोबुस्तान, गबाला उरकायचं, दोन ठिकाणांच्या मध्ये पाऊण तासात जेवायचं आणि सगळे पदार्थ एकदम टेबलावर मागवायचे, असं केलं तर दुसरं काही होणार नाही. इथे पदार्थाचं गाव ठरलेलं असतं, दिवसातली वेळही बरीचशी ठरलेली असते, आणि चहा जेवणाच्या आधीही येतो, नंतरही येतो. तेव्हा माझा पहिला सल्ला असा: कमी मागवा, जास्त वेळ बसा आणि पिती, म्हणजे मडक्यात शिजवलेला मांसाचा रस्सा, शेकी या गावातच खा. बाकीचा लेख याच सल्ल्याचा खुलासा आहे.

निघण्यापूर्वी: पैसे आणि दहा-बारा शब्द

चलन मनात. 1 मनात म्हणजे 100 गॅपिक. आपल्या हिशेबात साधारण 50 रुपये धरून चाला. बाकूत कार्ड सर्रास चालतं. बाजारात, गावच्या चायखान्यात आणि रस्त्याकडेच्या तंदूरवाल्या बाईकडे मात्र रोख लागते आणि सुटे पैसे लागतात. अनेक रेस्टॉरंट बिलात सेवाशुल्क आधीच जोडतात. ते जोडलेलं असेल तर वर टिप देण्याचं बंधन नाही. नसेल तर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

बाकूच्या मध्यवस्तीत इंग्रजी चालून जातं. बाहेर पडलात की रशियन जास्त उपयोगी पडते आणि अझरबैजानी त्याहून जास्त. मराठी माणसाला एक सोय आहे. त्यांच्या भाषेत सतत येणारा एक स्वर आपल्या 'ॲ'च्या अगदी जवळचा आहे, त्यामुळे उच्चार पटकन जमतात. पाठ करायची वाक्यं ही:

- बिर चायनिक चाय: एक किटली चहा
- नेचॅयॅदिर?: केवढ्याला?
- मॅन ॲत येमिरॅम: मी मांस खात नाही
- ॲतसिझ: मांसाशिवाय
- माल ॲती: गोमांस, गोयुन ॲती: मेंढीचं मांस, तोयुग: कोंबडी, बालिग: मासा
- हेसाब, झॅहमॅत ओल्मासा: बिल द्या, कृपया
- साघ ओलुन: धन्यवाद
- नूश ओल्सुन: जेवताना दुसऱ्याला द्यायची सदिच्छा

यातला 'माल' हा शब्द नीट लक्षात ठेवा. गोमांस न खाणाऱ्यांनी मेनूकार्डवर नुसतं 'ॲत' लिहिलेलं दिसलं की विचारून घ्यावं, कारण त्याचा अर्थ फक्त 'मांस'. 'दाना' म्हणजे वासराचं मांस, तेही त्याच वर्गात. पारंपरिक पदार्थांत मेंढी आणि कोकराचं मांस जास्त, पण शहरी हॉटेलांत दोन्ही असतं.

सकाळ: न्याहारीला वेळ द्या

हॉटेलचा बुफे एखाद्या दिवशी सोडा आणि बाहेर न्याहारी करा. लहान लहान ताटल्यांनी टेबल भरतं: पांढरं खारट चीज, म्हणजे पेन्दिर, गायमाग नावाची दाट साय, तिच्यासोबत मध, लोणी, ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, एखाद-दोन मुरांबे आणि तंदूरची गरम पाव-रोटी. गायमाग आणि मध एकत्र, गरम रोटीच्या तुकड्यावर. यासाठी लवकर उठावं लागलं तरी उठा. न्याहारीचा पूर्ण संच मागवलात तर दोघांत एक पुरतो. वेटर दोन सुचवेल.

अंड्याचा इथला खास पदार्थ पोमिदोर-यूमुर्ता. टोमॅटो लोण्यात चांगले आटवायचे, मग त्यात अंडी फोडायची आणि तवा तसाच टेबलावर आणायचा. दुसरा कुकू: मूठ-दोन मूठ चिरलेल्या हिरव्या पाल्यात अंडी घालून थापलेला जाड थर. त्यात अंड्यापेक्षा पालाच जास्त, तसा नसेल तर तो चांगला कुकू नव्हे.

हिवाळ्यात पहाटे काही ठिकाणी खाश मिळतं. जनावराचे पाय रात्रभर उकळून केलेला दाट रस्सा, लसूण आणि व्हिनेगर घालून खातात. हा भल्या सकाळचा पदार्थ आहे आणि स्थानिक लोकही त्याबाबत दोन गटांत विभागलेले आहेत. कुतूहलापोटी मागवू नका. भूक असेल तरच मागवा.

रोटीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथे भाकरीचा मान फार. ती सुरीने न कापता हाताने तोडतात, उलटी ठेवत नाहीत, जमिनीवर पडू देत नाहीत. रस्त्यात पडलेला तुकडा उचलून कठड्यावर किंवा झाडाच्या फांदीवर ठेवणारी माणसं आजही दिसतात. शिळी रोटी कचऱ्यात न टाकता पिशवीत घालून वेगळी टांगून ठेवतात. तुम्हीही उरलेली रोटी ताटात चुरगळून ठेवू नका.

चहा: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

अझरबैजान आणि तुर्कीच्या चहासंस्कृतीला युनेस्कोने 2022 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत एकत्रित स्थान दिलं. हा मान चहाच्या झाडापेक्षा चहाभोवतीच्या बैठकीला आहे. घरी पाहुणा आला की आधी चहा, मग 'कसे आहात'. लग्नात चहा, मयताच्या घरी भेटायला आलेल्यांनाही चहा आणि हलवा. मुलीला मागणी घालायला वराकडचे लोक येतात तेव्हा मुलीकडच्यांनी गोड चहा दिला तर होकार समजायचा. साखर न घातलेला आला तर अजून होकार नाही. "चाय नॅदिर, साय नॅदिर" अशी म्हण आहे: चहा पिताना पेले मोजायचे नसतात.

चहा येतो आर्मुदू नावाच्या पेल्यात. कमरेत बारीक, खाली गोल, वर किंचित उमललेला. आर्मुद म्हणजे नाशपाती, तिच्या आकारावरून हे नाव. कंबर अरुंद असल्याने खालचा चहा गरम राहतो आणि वरचा पिण्याजोगा होतो. पेला लहान असतो, त्यामुळे चहा थंड होण्याआधी संपतो आणि पुन्हा भरला जातो. पद्धत अशी:

1. शक्यतो किटलीच मागवा. सुटा पेला घाईच्या माणसासाठी असतो. नुसता काळा चहा हवा की कॅकलिकोतू, म्हणजे डोंगरी रानओवा घातलेला, हे सांगा. पहिल्यांदा जाणाऱ्याने कॅकलिकोतूवाला घ्यावा. काही ठिकाणी दालचिनीचा किंवा आल्याचा वेगळा काढाही मिळतो. त्यात चहाची पत्ती नसते.

2. किटली आल्या आल्या ओतू नका. चिनी मातीच्या किटलीत दाट अर्क मुरवतात, त्याला दॅम म्हणतात. तो पेल्यात घेऊन वरून समोवारचं, म्हणजे पाणी तापवायच्या नळाच्या मोठ्या भांड्यातलं, उकळतं पाणी घालतात. रंग गडद लालसर आणि पारदर्शक हवा. असा कडक, भरल्या रंगाचा चहा हवा असेल तर 'प्युररॅन्गी' म्हणा. वेटर तुमच्याकडे जरा आदराने बघेल.

3. पेला काठोकाठ भरत नाहीत. वर साधारण बोटभर जागा सोडतात, तिला 'ओठाची जागा' म्हणतात. पेला तिथेच धरायचा, कारण खाली हात भाजतो.

4. दूध मागू नका. मिळेल कदाचित, पण तो चहा चांगला लागणार नाही. ही पत्ती त्या कामाची नाही. लिंबाची चकती चालते.

5. साखर पेल्यात ढवळायची नाही. टणक साखरेचा खडा, गॅन्द, चहात टोकाने बुडवायचा, कडेने चावायचा आणि त्यावरून चहाचा घोट घ्यायचा. पूर्वी राजेलोक चहात विष आहे का हे साखर बुडवून तपासायचे, अशी गोष्ट गाईड हमखास सांगतो. गोष्ट म्हणून ऐका.

6. मुरांबाही चहात घालायचा नाही. छोट्या ताटलीतून चमचाभर तोंडात, मग घोट. पांढऱ्या चेरीचा, अंजिराचा, बिहीचा, गुलाबपाकळ्यांचा, कलिंगडाच्या सालीचा, तुतीचा असे प्रकार असतात. सगळ्यांत वेगळा कोवळ्या हिरव्या अक्रोडाचा. अक्रोड कवच धरण्याआधी तोडतात, सोलून चुन्याच्या निवळीत ठेवतात आणि मग पाकात शिजवतात. शेवटी तो काळाभोर आणि मऊ होतो. एकच निवडायचा असेल तर हा.

7. चहा फार गरम असेल तर बशीत ओता. म्हातारी माणसं आजही तसं पितात आणि कोणी हसत नाही.

आता पैशांची गोष्ट. बाकूच्या जुन्या तटबंदी शहरात, इचॅरीशॅहॅरमध्ये, 'चहाचा संच' नावाचा प्रकार असतो. किटलीबरोबर तीन-चार मुरांबे, सुका मेवा, लिंबू, मिठाई टेबलावर येते आणि सगळ्याचं बिल लागतं. चहाबरोबर हे फुकट आहे असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण गावात ते कधीकधी खरंच फुकट असतं. मांडामांड सुरू होताच "नेचॅयॅदिर?" विचारा, नको ते परत पाठवा. यात कोणाचा अपमान होत नाही. त्याच जुन्या शहरात मुलतानी कारवांसराय आणि तिच्या समोर बुखारा कारवांसराय अशा दोन जुन्या धर्मशाळा आहेत. पहिलीत मुलतानकडून येणारे हिंदुस्थानी व्यापारी उतरत. बाकूबाहेर सुराखानीच्या आतेशगाह अग्निमंदिरात त्यांचे देवनागरी शिलालेखही वाचायला मिळतात. ते वाचून झाल्यावरचा चहा अधिक चांगला लागतो, निदान मला तसं वाटतं.

चायखाना ही परंपरेने पुरुषांची जागा. नार्द, म्हणजे फाशांचा सोंगट्यांचा खेळ, डॉमिनो, धूर, गप्पा. बाकूच्या समुद्रकाठच्या बुलवारवर, म्हणजे फिरायच्या रस्त्यावर, आणि मध्यवस्तीत स्त्रिया आणि कुटुंबं बिनदिक्कत बसतात. लहान गावात मात्र आत फक्त पुरुष दिसले तर एकट्या स्त्रियांनी बागेतला किंवा जेवणाची सोय असलेला चायखाना शोधावा. तिथे जास्त मोकळं वाटेल. कोणी मनाई करेल म्हणून नव्हे, सगळे वळून बघतील म्हणून.

सगळ्यात चांगला चहा मात्र शहरात नाही. इस्माइल्ली ते गबाला या डोंगराळ रस्त्यावर झाडीत लाकडावर धुमसणारे समोवार मांडलेले असतात, शेजारी तंदूरमधून रोटी निघत असते. तिथे गाडी थांबवाच. ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा, नाहीतर तो त्याच्या ओळखीच्या मोठ्या रेस्टॉरंटपाशी थांबवेल.

दुपार: हलकं, नाहीतर सावकाश

दुपारी हलकं खायचं तर गुताब. पातळ लाटलेल्या पोळीत सारण भरून अर्धचंद्रासारखी दुमडतात आणि साज नावाच्या लोखंडी तव्यावर भाजतात. ग्योय गुताब हिरव्या पाल्याचा, ॲत गुताब खिम्याचा, शिवाय लाल भोपळ्याचा. पाल्याच्या गुताबावर लोणी आणि सोबत दही, खिम्याच्या गुताबावर सुमाक. सुमाक ही जांभळट आंबट पूड प्रत्येक टेबलावर असते. मीठ-मिरीइतकीच तिची गरज. गुताब नगावर मिळतो, एकाला तीन पुरतात.

सूप दोन लक्षात ठेवा. दोवघा म्हणजे दह्यात थोडे तांदूळ, बहुधा हरभरे आणि भरपूर कोथिंबीर, शेपू, पुदिना घालून केलेलं सूप. आपली कढी गृहीत धरून गेलात तर जरा फसाल, कारण इथे फोडणी नाही, हळद नाही, चव सगळी पाल्याची. उकळी येईपर्यंत ते सतत ढवळावं लागतं, नाहीतर दही फाटतं. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम. लग्नाच्या जड जेवणात पचनासाठीही देतात. दुसरं द्युशबॅरॅ: रश्श्यात नखाएवढ्या मांसाच्या मोदकुल्या. एका चमच्यात जितक्या जास्त मावतील तितकी सुगरणीची ख्याती मोठी. वरून सुका पुदिना आणि व्हिनेगरमधला लसूण घाला.

आणि मग पिती. ही शेकीची. बाकूतही मिळते, पण थांबता येत असेल तर थांबा. शेकी बाकूपासून साधारण 300 किलोमीटरवर, काकेशसच्या पायथ्याशी. खानाच्या राजवाड्यासह तिथलं जुनं गाव 2019 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पितीसाठी प्रत्येकाचं मातीचं मडकं वेगळं. त्यात कोकराचं मांस, रात्रभर भिजवलेले हरभरे, चेस्टनट, आंबट आलुबुखार, केशर आणि वर मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा. मंद आचेवर तासन् तास ठेवतात. ती दोन टप्प्यांत खायची, आणि हे माहीत नसलेला माणूस लगेच ओळखू येतो.

आधी रिकाम्या वाडग्यात रोटीचे तुकडे करा. त्यावर सुमाक. मडकं कापडाने धरून फक्त रस्सा ओता. मांस, हरभरे आतच राहू द्या. हा पहिला पदार्थ, तो संपवा. मग पुन्हा थोडी रोटी, आणि मडक्यातलं उरलेलं सगळं वाडग्यात उपडं करा. चरबीचा तुकडा हरभऱ्यांसकट काट्याने कुस्करून एकजीव करा, पुन्हा सुमाक, सोबत कच्चा कांदा. चरबी बघून घाबरलात आणि बाजूला काढलीत तर दुसरा टप्पा कोरडा होतो. निदान अर्धी तरी कुस्करा. एका मडक्यात पोट भरतं; बरोबर कबाब मागवू नका आणि त्यानंतर थंड पाणी पिऊ नका, चहा प्या. असं तिथले लोक सांगतात, आणि चरबी गारठली की जिभेला कळतंच.

बाजार

बाकूत याशिल बाजार आणि तॅझॅ बाजार हे दोन मोठे. सकाळी जा. विक्रेते चीज, ऑलिव्ह, सुका मेवा चाखायला देतात. चाखून काही विकत न घेता पुढे गेलात तरी चालतं, पण मूठभर चाखून जाणं बरं दिसत नाही. मेंढीच्या कातडीत मुरवलेलं मोताल चीज जरूर चाखा: खारट, तीव्र, थोडं पुरतं.

केशर इथे घ्यायचं की नाही? बाकूजवळच्या आपशेरॉन द्वीपकल्पावर खरं केशर पिकतं, पण बाजारात केशर म्हणून ढिगाने मांडलेला स्वस्त माल बहुतेक करडईच्या पाकळ्यांचा असतो. आपल्याला करडई ओळखता यायला हवी. कॅव्हियार, म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी, बाजारातल्या सुट्या डब्यातून अजिबात घेऊ नका. स्टर्जन माशांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. प्रवाशाला माणशी 125 ग्रॅमपर्यंत, तेही अधिकृत लेबलच्या सीलबंद डब्यात नेण्याची मुभा असते.

संध्याकाळ: कबाब आणि पुलाव

कबाबाआधी टेबलावर ग्योय येतं: तारगोन, जांभळी रेहान, कोथिंबीर, हलीव, पातीचा कांदा, सगळं अख्खं, नुसतं धुतलेलं. ही सजावट नाही. घासागणिक एक काडी खायची. तारगोन पहिल्यांदा बडीशेपेच्या वासाने चकवतो, दुसऱ्या दिवशी तुम्ही तोच आधी उचलाल.

लुलॅ कबाब खिम्याचा, लांब सळीवर थापलेला, तिकॅ तुकड्यांचा. लवाश नावाच्या पातळ रोटीत गुंडाळून, कांदा आणि सुमाक लावून खा. सोबत मांगाल सलाद हवंच: वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची निखाऱ्यावर भाजून, सोलून, चिरून. साज इची नावाचा पदार्थ खोलगट लोखंडी तव्यात मांस आणि भाज्या एकत्र परतून खाली निखारे ठेवून आणतात. तो दोन-तीन-चार माणसांच्या मापाचा असतो, तेव्हा किती जणांचा ते विचारूनच मागवा. जिझ-बिझ मागवण्यापूर्वी जाणून घ्या की त्यात काळीज, गुर्दे, आतडी असतात. मासा घेतलात तर नारशॅराब, म्हणजे डाळिंबाचा रस आटवून केलेला आंबट दाट अर्क, मागून घ्या.

पुलावाची रीत आपल्यापेक्षा वेगळी. तांदूळ अर्धवट उकडून निथळतात, मग लोणी घालून वाफेवर शिजवतात. मांस, पाला, सुकी फळं वेगळ्या भांड्यात शिजतात. ताटात भात एका बाजूला, वरचं जिन्नस, ज्याला 'गारा' म्हणतात, दुसऱ्या बाजूला. मिसळून टाकू नका, घासापुरतं घ्या. भातातला प्रत्येक दाणा सुटा हवा आणि काही दाणे केशराचे पिवळे. भांड्याच्या तळाशी पीठ-अंडं-दह्याचा किंवा लवाशचा थर लावून जी खरपूस पापडी निघते ती गाझमाग. ती मोजकीच असते आणि मागितली तरच मिळते, म्हणून मागा.

प्रकार पुष्कळ. साब्झी गोवुर्मा पुलाव म्हणजे पाल्यात शिजलेलं कोकरू. श्यूयूद पुलाव शेपूचा. आणि मानाचा शाह पुलाव. यात लवाशच्या कवचात तांदूळ, मांस, जर्दाळू, मनुका, चेस्टनट भरून भाजतात आणि टेबलावर आणून फाकी कापतात. हा एकट्यासाठी होत नाही आणि बऱ्याच ठिकाणी काही तास आधी सांगावा लागतो. सकाळी हॉटेलमधून फोन करायला सांगा. पारंपरिक मेजवानीत पुलाव शेवटी येतो, त्यामुळे समारंभाला बोलावलं असेल तर आधीच्या ताटल्यांवर आडवा हात मारू नका.

दोल्मा कुठेही, कधीही खाता येतो. द्राक्षाच्या पानातला यार्पाग दोल्मा, कोबीचा, आणि वांगं-टोमॅटो-मिरचीचा 'तीन बहिणी'. लसणाच्या दह्यासोबत. हा पदार्थ करण्याची परंपरा 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. शेजारच्या देशांतही दोल्मा आहे आणि तो मुळात कोणाचा यावर वाद आहे. टेबलावर तो वाद काढू नका.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण रोज विचारावं लागेल. निर्धास्त मागवा: ग्योय गुताब, भोपळ्याचा गुताब, पेन्दिर आणि पाला, मांगाल सलाद, निखाऱ्यावरचे मशरूम, ताजी फळं. अंडं चालत असेल तर कुकू आणि पोमिदोर-यूमुर्ता. विचारून मागवा: दोवघा, कारण काही ठिकाणी त्यात खिम्याच्या गोळ्या असतात आणि दह्यात अंडं फेटलेलं असतं, श्यूयूद पुलाव, 'ॲतसिझ' म्हणून. टाळा: दोल्मा, मसूर आणि दोवघा सोडून बाकीची सूप, आणि निरागस दिसणारा कार्तोफ कबाब. बटाट्याच्या चकत्यांमध्ये गुयरुग, म्हणजे शेपटीची चरबी, खोवलेली असते. तंदूर रोटीवरही बऱ्याचदा अंड्याचा हात फिरवतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी थालीपिठाची भाजणी आणि छोटी किटली बरोबर न्यावी. स्थानिक स्वयंपाकघर तिथे मदत करू शकणार नाही.

पाणी बाटलीबंद प्या. नाखचिवानचं सिराब किंवा बादामली हे खनिज पाणी जेवणाबरोबर चांगलं. आयरान, म्हणजे खारट ताक, सगळीकडे मिळतं.

वेळ असेल तर: त्या त्या गावचं

दक्षिणेकडचं लँकरान दमट, हिरवं. अझरबैजानचा चहा पिकतो तो इथे आणि आस्तारा भागात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे झुडपं लावली गेली, 1930 च्या दशकात सोव्हिएत राजवटीत मोठे मळे झाले, 1990 च्या दशकात त्यातले बरेच ओसाड पडले. देशात पिकणारी पत्ती देशाला पुरत नाही, बाजारातल्या पाकिटांत बाहेरची पत्ती असतेच. म्हणून स्थानिक हवी असेल तर 'लँकरान चायी' असं सांगून घ्या. खायचं ते लॅवॅन्गी: अक्रोड, कांदा आणि आंबट आलुबुखाराच्या गोळ्याचं सारण कोंबडीत किंवा माशात भरून तंदूरमध्ये भाजतात. बाकूहून दक्षिणेला येणाऱ्या हमरस्त्यावर दुतर्फा विकायला असते. कोंबडी विकत घ्या, सोबत रोटी घ्या, सावलीत बसा.

शेकीत पिती झाली की हलवा. नाव हलवा, प्रकार बकलाव्याच्या कुळातला. तांदळाच्या पिठाचं सरबरीत मिश्रण छिद्रांच्या नळकांड्यातून तापल्या तव्यावर सोडून जाळी काढतात. जाळ्यांचे थर, मध्ये हेझलनट, वेलदोडा, धणे. निखाऱ्यावर भाजून वरून पाक. एका वेळी एकच तुकडा खाल्ला जातो, आणि तोही चहाशिवाय नाही. तिथली जुनी वरची कारवांसराय आता हॉटेल आहे. राहणं जमलं तर राहा.

गोयचाय डाळिंबाचं गाव. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे डाळिंबाचा उत्सव असतो. सांगोला-पंढरपूरकडच्या बागायतदाराने बघण्याजोगा. उत्तरेकडे गुबा, सफरचंदं आणि लालसर वरच्या थराचा बकलावा. मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेच्या नोवरुझला गेलात तर लक्षात ठेवा, सुट्या मोठ्या असतात आणि बरीच दुकानं बंद. पण शॅकॅरबुरा मिळेल तो तेव्हाच खरा: बदाम किंवा हेझलनटचं सारण भरलेली गोड करंजी, वर चिमट्याने काढलेली गव्हाच्या लोंबीसारखी नक्षी.

कोणी घरी बोलावलं तर

बोलावतात, आणि पहिल्या भेटीतही. पहिल्या आमंत्रणाला हसून आभार माना. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर तो खरा धरा. चपला बाहेर. मिठाईचा डबा न्या किंवा फुलं, पण फुलं विषम संख्येत. सम संख्या मयताची. वडीलधारी बसल्याशिवाय बसू नका, चहा आधी त्यांना जातो. ताट रिकामं झालं की भरलं जातं, म्हणून शेवटचे दोन घास ठेवा. चहाचे पेले मात्र ठेवता येत नाहीत. नाही म्हणायचं असेल तर निघायच्या बेताने घड्याळाकडे नको, यजमानाकडे बघून उजवा हात छातीवर ठेवा आणि "साघ ओलुन" म्हणा. तरी एक पेला येईलच.

परतताना

आर्मुदू पेल्यांचा संच बाजारात घ्या, जुन्या शहरातल्या स्मरणवस्तूंच्या दुकानात नको. तिथे किंमत पाहूनच कळेल. सुमाक, वाळवलेलं कॅकलिकोतू, लँकरानची पत्ती वजनाला हलकी. शेकीचा हलवा दोन-तीन दिवसांत खाल्ला जाणार असेल तरच आणा, तसा तो थोडा जास्त टिकतो पण पाक बसतो आणि जाळी मऊ पडते. अक्रोडाचा मुरांबा आणि नारशॅराबची बाटली सामानात जाऊ द्या. विमानतळावरच्या तपासणीत मुरांब्याला द्रवपदार्थच धरतात आणि बरणी केबिन बॅगेत सापडली की ती तिथेच राहते.